साखरेच्या पाण्याला डॉक्टरचा कोट

आमच्याकडे बोरीवलीत आजारी माणसाला बघायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं. पूर्वी शहाळं न्यायचे, नाहीतर अर्धा डझन मोसंबी. आता शहाळं उचलणार कोण, आणि हॉस्पिटलात ते फोडणार कोण? मग वाटेतल्या केमिस्टकडून 'ज्यूस'चा लिटरचा खोका घ्यायचा, किंवा ते स्ट्रॉ चिकटवलेले छोटे टेट्रापॅक. त्यांच्यावर एनर्जी, इलेक्ट्रोलाइट, व्हिटॅमिन असं काहीबाही लिहिलेलं असतं. आणि ते केमिस्टकडून घेतलेलं असतं याला फार महत्त्व आहे बरं का. तेच गोड पाणी वाण्याकडून घेतलं तर कोल्ड्रिंक, केमिस्टकडून घेतलं तर औषध.

आज या औषधाबद्दलच लिहायचं आहे. जरा रागानं लिहिणार आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी (तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे!) आधीच माफ करावं.

कोला वाईट, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पिणारे पितात, पण पिताना त्यांना माहीत असतं. ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३२ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट आठ चमचे. एक कप चहात कुणी आठ चमचे साखर घातली तर आपण त्याला वेड्यात काढू. पण थंडगार आणि आंबट असलं की जिभेला पत्ता लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ते ३० ग्रॅम दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली 'जमलं तर इतकीच' म्हणून सांगितलेला आकडाही साधारण तोच. थोडक्यात, एका बाटलीत दिवसाचा कोटा खलास. रोज एक-दोन ग्लास गोड पेय पिणाऱ्यांना टाइप-२ डायबिटीस होण्याचा धोका क्वचित पिणाऱ्यांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी जास्त असतो, असा निष्कर्ष २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून निघाला. 'नेचर मेडिसिन'मध्ये जानेवारी २०२५ मध्ये १८४ देशांचा हिशोब आला. २०२० या एकाच वर्षात डायबिटीसचे सुमारे २२ लाख नवे रुग्ण गोड पेयांच्या खात्यावर जमा. हे सगळं पेपरात येतं, आपण वाचतो, पान उलटतो.

माझं भांडण कोलाशी नाही. कोला निदान उघडा चोर आहे. माझं भांडण डॉक्टरचा कोट घालून घरात शिरणाऱ्या साखरेशी आहे, आणि तो कोट शिवून देणाऱ्यांशी.

ओआरएसचंच घ्या. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते, म्हणून सविस्तर सांगतो.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच सांगितलं, पाजत राहा. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. यातली गंमत अशी की ग्लुकोज चवीसाठी नसतं. आतड्यातून मीठ आत शिरायला ग्लुकोजचा हात धरावा लागतो, आणि मिठाच्या मागोमाग पाणी जातं. पण सगळा खेळ प्रमाणाचा. आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज आहे. साखर भरमसाट वाढली की गणित उलटं होतं. ती साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. विसाव्या शतकातलं इतकं स्वस्त आणि इतकं मोठं औषध दुसरं सापडणं कठीण. सरकारी दवाखान्यात त्याचं पाकीट फुकट मिळतं.

आणि मग केमिस्टच्या फ्रीजमध्ये त्याच तीन अक्षरांची नावं लावून टेट्रापॅक आले. ओआरएसएल हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. सफरचंद, संत्रं, हव्या त्या चवीचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध जवळजवळ आठ वर्षं आरडाओरडा केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: यात लिटरला ११०-१२० ग्रॅमपर्यंत साखर आहे आणि जुलाब झालेल्या मुलांना हे ओआरएस समजून पाजलं जातंय. आता सरकारी बाजूची तारीखवार गंमत बघा. एप्रिल २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरण म्हणालं, सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाला हे नाव लावता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये तेच प्राधिकरण म्हणालं, बरं, लावा, पण डब्यावर एक ओळ छापा की हे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचं ओआरएस नाही. म्हणजे पुढून नाव ओआरएस आणि बाजूला बारीक अक्षरात 'हे ओआरएस नाही'! रात्री अकरा वाजता, पोराला दहा जुलाब झालेले असताना, केमिस्टच्या काउंटरवर उभी असलेली आई ती ओळ वाचणार आहे का? ही परवानगी मागे घेतली गेली थेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतरही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्याच. एकीला आधी तात्पुरता दिलासा मिळाला, पण प्राधिकरण अडून बसलं आणि महिनाअखेरीस न्यायालयानं दुसरीला नकार दिला. मधली तीन वर्षं किती पोरांनी काय प्यायलं याचा हिशोब कोण देणार?

तुम्ही म्हणाल, हा एका नावाचा घोळ. नाही हो. २००८ साली इंडियन मेडिकल असोसिएशननं, म्हणजे देशातल्या डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं, पेप्सिकोच्या ट्रॉपिकाना ज्यूसवर आणि क्वेकर ओट्सवर आपलं नाव वापरू दिलं. करार करून, पैसे घेऊन. २०१० मध्ये मेडिकल कौन्सिलनं संघटनेच्या अध्यक्षांवर आणि सचिवांवर सहा महिन्यांची कारवाई केली तेव्हा कुठे त्याचा गवगवा झाला. आमच्या पिढीला डॉक्टर म्हणजे देवानंतरचा माणूस. त्यांच्या संघटनेचं नाव खोक्यावर आलं की खोका पवित्र!

मग ती दुधात घालायची पावडर. आमच्या लहानपणी ती डब्यात संपली की घरात सुतक असल्यासारखं वाटायचं :-) एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक व्हिडिओ केला. कंपनीनं वकिलाची नोटीस पाठवली, त्यानं माफी मागून व्हिडिओ काढला, आणि नेमका त्यामुळेच तो घराघरात पोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी आली की १०० ग्रॅम पावडरमधली वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ वर आणली. म्हणजे त्या आधी कमी करता येत नव्हती असं नाही तर. पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या विभागात ठेवू नका, कारण कायद्यात तशी काही व्याख्याच नाही. लगेच आपल्या अंधेरीत मुख्य कचेरी असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरनं हॉर्लिक्सच्या विभागाचं नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' केलं. बारशाला आत्या बोलावली होती की नाही, कळलं नाही.

हे झालं दुकानातलं. पण दुकानातला कोट शिवला जातो प्रयोगशाळेत, आणि तिथली कथा जास्त जुनी आहे.

१९६५ साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना ६,५०० डॉलर दिले. काम काय, तर हृदयविकारावरच्या आधीच्या अभ्यासांचा आढावा. तो १९६७ मध्ये एका अतिशय नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. दोष चरबीवर, साखर जवळजवळ निर्दोष. पैसे कुणी दिले याचा लेखात उल्लेख नाही. जुन्या पत्रव्यवहारातून हे उघडकीला आलं २०१६ मध्ये, तब्बल ४९ वर्षांनी! आपल्याकडे घराघरात तूप बंद झालं त्या दिवसांत साखरेच्या डब्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, हे मला आठवतं. त्याचं सगळं कारण तो एक लेख असं मी म्हणत नाही, पण वारं कुठून वाहत होतं ते कळतं.

आणि हे काही गेल्या शतकापुरतं नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापलं की 'लोक फार खातात-पितात यापेक्षा पुरेसं हलत नाहीत हाच खरा प्रश्न' असा प्रचार करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका मंचाला कोका-कोलानं १५ लाख डॉलर दिले होते. बोंबाबोंब झाल्यावर त्या डिसेंबरात मंच गुंडाळला गेला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी गोड पेयं आणि लठ्ठपणा-डायबिटीस यांच्यावरचे ६० अभ्यास चाळले. 'संबंध आढळला नाही' म्हणणारे २६ निघाले. त्या २६ पैकी २६ उद्योगाशी पैशानं जोडलेले. 'संबंध आहे' म्हणणाऱ्या ३४ पैकी असा फक्त एक. आता यावर अजून काय बोलायचं?

माझा एक आत्तेभाऊ (स्वतः केमिकल कंपनीत आयुष्य काढलेला, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे) मला म्हणतो, अरे, मग संशोधनाला पैसे द्यायचे कुणी? कंपनीनं पैसे दिले म्हणून प्रत्येक शास्त्रज्ञ विकला जातो का? नाही जात. खोटे आकडे लिहिण्याची गरजच नसते मुळी. प्रश्न कोणता विचारायचा, मुलांना किती आठवडे तपासायचं, कुठला निकाल छापायचा आणि कुठला कपाटात ठेवायचा, एवढं हातात असलं की पुरे. शास्त्रज्ञ प्रामाणिक राहूनही उत्तर कंपनीच्या सोयीचं येऊ शकतं. म्हणून तर मी आकडा सांगितला. एखादा अभ्यास चुकू शकतो, २६ पैकी २६ हा योगायोग नसतो.

हे सगळं एवढं डोक्यात घ्यायचं कारण म्हणजे आमची सोसायटी. दर जानेवारीत आम्ही मुलांच्या स्पर्धा घेतो. यंदा एका पेय कंपनीच्या वितरकानं कमिटीला गाठलं. (नाव लिहीत नाही, सगळ्यांची पद्धत एकच.) मुलांना टीशर्ट, मैदानाला बॅनर, धावून आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात आंब्याच्या पेयाची थंड बाटली, आणि वर 'खेळ आणि ऊर्जा' या विषयावर अर्ध्या तासाचं व्याख्यान. सगळं फुकट. कमिटी खूश. मी ग्रुपवर विरोध लिहिला तर पहिलं उत्तर आलं, "काका, एका बाटलीनं काय होतंय?" दुसरं, "मुलं धावणारच आहेत की, जिरेल."

बाटलीचं मला फार वाईट वाटलं नसतं. राग आला तो व्याख्यानाचा. कारण ते 'जिरेल' हे उत्तर आमच्या सभासदाचं स्वतःचं नाहीच. ते कुठून आलं ते वर सांगितलंय, १५ लाख डॉलरला पडलेलं आहे ते. साधा हिशोब करा. ६०० मिली कोलात साधारण २५० कॅलरी. आपले मॉर्निंग वॉकवाले नॅशनल पार्कात तासभर झपाझप चालतात तेव्हा जेमतेम तेवढ्या खर्च होतात. म्हणजे बाहेर येऊन एक बाटली प्यायली की चालणं नावापुरतं. चालू नका असं नाही, जरूर चाला. पण चालणं ही साखरेची पावती नव्हे.

आणि आपल्या बाबतीत तर हा हिशोब अजून वाईट आहे. 'माझा मुलगा तर काडी आहे, त्याला अंगाला काहीच लागत नाही, पिऊ दे' हे वाक्य मी ग्रुपवर वाचलं आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो प्रसिद्ध फोटो आठवला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. कपडे घालून दोघंही सडपातळ! युडकिन मॅरेथॉन धावणारे होते हेही खरं, पण सगळा फरक तेवढ्यानं होत नाही. याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली, ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून जवळपास पाऊण किलोनं हलकी. पण हलकी होती ती मांसात, चरबी त्या मानानं राखलेली. बारीक दिसणारा आणि आतून चरबी बाळगणारा, असा आपला घाट आहे, जन्मापासून. काडीसारख्या पोराला साखर पाजून ते भरत नाही. १० कोटींहून जास्त डायबिटीसवाल्या देशात (२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आयसीएमआरचा आकडा) ही गोष्ट प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला हवी.

मग नेहमीचा बाण सुटतो: उसाचा रस पिता तेव्हा? आमरस? कोकम सरबत? अहो, रसात साखर भरपूर आहे, कबूल. डायबिटीस असलेल्यानं रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की रस्ता बदलावा. पण रसवंतीवाल्यानं कधी हार्वर्डच्या प्राध्यापकाला पैसे दिल्याचं ऐकलंय? त्यानं कधी पोराच्या जुलाबावर रस विकला? ऊस तुमच्या डोळ्यांसमोर चरकात जातो, ग्लास तुमच्या समोर भरतो. काय पितोय ते माणसाला कळतं. कोकम सरबतात किती साखर घालायची ते माझ्या घरच्या डब्यातल्या चमच्यावर अवलंबून आहे. फरक आहे तो इथं.

दुसरा बाण स्वदेशीचा. १९७७ मध्ये कोका-कोला गेली आणि आपल्या पार्ल्याच्या चौहानांनी थम्सअप काढलं, याचा उपनगरातल्या माणसाला अजून अभिमान. (१९९३ मध्ये ते कोका-कोलालाच विकलं गेलं, हे बहुतेकजण सोयीनं विसरतात.) २०२३ मध्ये रिलायन्सनं कॅम्पा परत आणलं, २०० मिली दहा रुपयांना. वडापावपेक्षा स्वस्त. देशी साखर स्वादुपिंडाला वेगळी कळते असं कुठल्या अभ्यासात अजून तरी आलेलं नाही. पैसे दिले तर येईलही.

आता सरकारचं. ८ मे २०१७ ला महाराष्ट्र सरकारनं शाळांच्या उपाहारगृहात जंक फूड आणि गोड पेयं विकायला बंदी घातली. चांगलं केलं. म्हणजे जे शाळेच्या कँटीनमध्ये विकता येत नाही ते आमच्या मैदानात त्याच मुलांना फुकट वाटायचं. आणि कराचं तर विचारूच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के जीएसटी, आणि फळांच्या गरापासून केलेल्या बिनफसफसत्या पेयांवर ५ टक्के, आधी १२ होता तो कमी करून. साखर नसलेला कोला ४० टक्क्यांत. साखरेनं ओथंबलेलं आंब्याचं पेय ५ टक्क्यांत. म्हणजे आपण साखरेवर कर लावलेलाच नाही, बुडबुड्यांवर लावलाय! एरवी मला कर वाढवा म्हणणारे लोक आवडत नाहीत, पण लावायचाच तर १०० मिलीमागे साखर किती ते बघून लावा.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलंय: बॅनरला माझा विरोध, व्याख्यानाला जास्त विरोध. मैदानात दोन पिंपं थंड पाण्याची आणि एक पातेलं बेताच्या साखरेचं कोकम सरबत, खर्च मी आणि तळमजल्यावरचे दोघं मिळून करतो. टीशर्ट मिळणार नाहीत. यावर अकरा अंगठे आले आणि एक 'बघू'. मिटिंग रविवारी आहे.

राहता राहिलं लेबल. २०१८ मध्ये केंद्राच्या मसुद्यात साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढच्या बाजूला लाल खूण होती. कंपन्यांनी ओरड केली, मसुदा थांबला, आणि तो तपासायला तिघांची समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक होते, आणि त्याच वेळी इल्सी नावाच्या संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक. ही इल्सी १९७८ मध्ये कोका-कोलाच्याच एका उपाध्यक्षानं अमेरिकेत स्थापली. समितीतल्या कुणाच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पंच कुठल्या क्लबाचा सभासद आहे हे टॉसच्या आधी सांगायला नको का? पुढे २०२२ मध्ये लाल खुणेच्या जागी ताऱ्यांचा मसुदा आला, सिनेमाला देतात तसे तारे. म्हणजे साखरेच्या पाण्यालासुद्धा एखादा-अर्धा तारा मिळणारच! एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन महिन्यांत काय ते ठरवा म्हणून सांगितलं, जुलैत अजून तीन महिने दिले. २०१८ मध्ये पहिलीत असलेलं आमच्या विंगमधलं पोरगं २०२५ मध्ये आठवीत गेलं, आणि ते वर्ष सरलं तेव्हाही त्याच्या हातातल्या खोक्यावर पुढे फक्त आंब्याचं चित्र होतं.